आमवाताचे मूळ कोठे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण, काही मजकुराची भर घालून)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी काही विद्वान नव्हे. १९७४ साली मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना मराठी व सामान्य विज्ञान शिकविता शिकविता सेवानिवृत्त झालो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, हुंडाबंदी, वसतिगृह अशा विषयांवर विचार मांडले जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि आज मी एका रोगाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण आरंभीच सांगून टाकतो. त्या रोगाने माझ्या थोरल्या बहिणीचे दोन्ही हात निकामी केले, आणि त्या हानीत माझ्या अज्ञानाचा वाटा होता.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. वाशीम त्या वेळी स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. माझी बहीण रिसोड तालुक्यातील एका खेड्यात नांदत होती. वय पस्तिशीचे, पदरात तीन मुले, घरी शेती आणि दोन म्हशी. एका हिवाळ्यात तिची बोटे सकाळी उठल्यावर मिटेनाशी झाली. भाकरीचे पीठ मळताना डोळ्यांत पाणी येई, म्हशीची धार काढणे होईना. मात्र ऊन वर आले की हात हळूहळू मोकळे होत आणि दुपारी ती इतर बायकांबरोबर निंदायला जाई. झाले! घरात बोलणे सुरू झाले की, कामाच्या वेळीच हिचे हात बरे दुखतात. सकाळी आखडणे आणि दुपारी सैल होणे हेच त्या रोगाचे मुख्य लक्षण आहे, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. आणि तिच्या मास्तर भावालाही ठाऊक नव्हते.

मी काय केले? आठवडी बाजारात एक मनुष्य वाताच्या औषधाच्या कागदी पुड्या विकत असे. त्या पुड्यांत काय आहे हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी त्या आणून बहिणीला दिल्या. चार दिवसांत तिला इतका आराम पडला की घरादाराने मला दुवा दिला. मी दोन वर्षे पुड्या पोचवीत राहिलो. पुढे तिचा चेहरा वाटोळा झाला, अंग सुजले, कातडी पातळ पडली, आणि पुडी एक दिवस चुकली तरी अंथरुणातून उठवेना. सहा वर्षांनी एका मोठ्या शहरातील डॉक्टरांनी तिला तपासले तेव्हा ते म्हणाले की, ही सारी चिन्हे स्टिरॉइडची आहेत; दुखणे दबले, पण रोग आत सांधे खातच राहिला. तोवर बोटे वाकडी झाली होती. त्या वर्षी संक्रांतीला कासारीण दारी आली, तेव्हा कोणत्याही मापाची बांगडी बहिणीच्या हातात चढेना. ती काही बोलली नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून या रोगाचे मूळ कोठे आहे, हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. निवृत्तीनंतर सवड मिळाली. माझी पुतणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आहे. ती मला इंग्रजी निबंध वाचून, समजावून सांगते. जे समजले ते शिक्षकाच्या सवयीप्रमाणे आपल्यापुढे सोपे करून ठेवतो.

आपल्याकडे सांधा दुखला की 'वात झाला' असे म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. परंतु सर्व सांधेदुखी एका माळेचे मणी नव्हेत. उतारवयात गुडघा दुखतो ती बहुधा संधिझीज होय. गाडीच्या आखाप्रमाणे सांधा वापराने झिजतो. चालले की दुखतो, बसले की थांबतो. आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याची तऱ्हा उलटी. तो विश्रांतीनंतर अधिक छळतो. सकाळचा आखडलेपणा अर्धा तास, तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. बहुधा दोन्ही हातांची मनगटे, बोटांची मुळे आणि मधली पेरे सारखीच सुजतात. पुरुषांच्या मानाने स्त्रियांना तो सुमारे तिपटीने होतो, आणि तोही पुष्कळदा संसाराच्या ऐन भरात, तीस ते पन्नास या वयात. शरीराच्या रक्षणासाठी जी प्रतिकारशक्ती निसर्गाने दिली, तीच आपल्या सांध्यांच्या आतील अस्तरावर चालून जाते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार आहे.

हा रोग विरळा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाने दिले आहे. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी भिगवण नावाचे गाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने अनेक देशांत सांधेदुखीची पाहणी चालू होती, तिच्या अंतर्गत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली त्या गावी पाहणी आरंभिली. घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढ माणसांची विचारपूस झाली. त्यांपैकी ७४६ जणांची, म्हणजे शेकडा १८.२ जणांची, हाडासांध्यांची काही ना काही तक्रार निघाली. खरा आमवात मात्र शेकडा सुमारे अर्धा आढळला. दिल्लीजवळील बल्लभगड भागातील पाहणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत तो शेकडा पाऊण होता.

अर्धा टक्का ऐकायला लहान वाटतो. पण हिशेब मांडण्याची माझी खोड जात नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. त्यांत प्रौढ सात लाख धरले आणि भिगवणचेच प्रमाण लावले, तर साडेतीन हजार माणसे होतात. या मंडपात हजार प्रौढ बसले असतील तर त्यांतील पाच जणांचा हा रोग आहे. आणि त्या पाचांत तीनचार तरी स्त्रिया असतील. त्या कोण आहेत हे आपणांस ठाऊक आहे काय? की त्यांनाही आपण आळशी म्हणत आहोत?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रथम या नावाचाच विचार करा. 'आमवात' हा शब्द 'आम' आणि 'वात' अशा दोन पदांचा आहे. आम म्हणजे नीट न पचलेला, कच्चा राहिलेला अंश. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी माधवकरांनी रचलेल्या 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. दुखणे सांध्यात, पण त्याचे बीज कोठ्यात, अशी त्या वैद्यांची धारणा होती. ही धारणा सूक्ष्म निरीक्षणातून आली असेल. परंतु तिच्या आधाराने 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' अशी शेखी मी मिरवणार नाही. शब्द जुळला म्हणजे सिद्धांत जुळला असे होत नाही. प्राचीनांना जिवाणू दिसले नव्हते, आणि विषाणू तर नाहीच नाही. एवढेच म्हणता येईल की, पोटाचा सांध्याशी संबंध शोधणे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आणि आज जगातील शास्त्रज्ञ नेमक्या त्याच दिशेने, म्हणजे मुख आणि आतडी यांच्याकडे, पाहू लागले आहेत.

आपल्या तोंडात आणि आतड्यांत असंख्य जिवाणूंची वस्ती असते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपकारक असतात. मात्र या जिवाणूंवरही जगणारे त्यांहून सूक्ष्म असे विषाणू आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. लाळेच्या एका मिलिलीटरमध्ये सुमारे दहा कोटी आणि मळाच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी ते एक अब्जपर्यंत विषाणुकण मोजले गेले आहेत. यांतील बहुसंख्य विषाणू माणसाला बाधत नाहीत; ते जिवाणूंना ग्रासतात. म्हणून त्यांना जिवाणुभक्षक म्हणतात.

हे शेतकऱ्याला समजावयास अवघड नाही. आपल्या तूर-हरभऱ्यावर घाटेअळी पडते. त्या अळीला मारणारा एक विषाणू आहे. त्याचे द्रावण कृषी खात्याची मंडळी संध्याकाळी फवारावयास सांगतात. रोगट अळी झाडावर डोके खाली करून लोंबकळताना आपण पाहिली असेल. तो विषाणू अळीला मारतो, पण हरभऱ्याला धक्का लावीत नाही आणि फवारणाऱ्याला बाधत नाही. तद्वत् जिवाणुभक्षक विषाणू नेमका आपला जिवाणू हुडकतो, त्याच्यात शिरतो, आत आपली प्रजा वाढवितो आणि बहुधा त्याला फोडून बाहेर पडतो. काही विषाणू मात्र जिवाणूला न मारता त्याच्यात बिऱ्हाड करून राहतात आणि त्याला नवे गुणधर्मही देतात.

या विषाणूंच्या शोधाच्या इतिहासात आपल्या देशाचाही उल्लेख येतो. १८९६ साली आग्रा येथे अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने गंगायमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे नोंदविले. तो परिणाम याच विषाणूंचा होता की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निश्चित शोध लागला तो १९१५ साली इंग्लंडात ट्वॉर्ट यांना आणि १९१७ साली पॅरिस येथे फेलिक्स देरेल यांना. हेच देरेल १९२७ साली हिंदुस्थानात येऊन पटकीच्या रोग्यांवर या विषाणूंचे प्रयोग करून गेले.

आता आपण विचाराल, या सूक्ष्म वस्तीचा माझ्या बहिणीच्या बोटांशी काय संबंध? तो टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, हा रोग सांध्यात दिसू लागण्याच्या पुष्कळ आधी रक्तात दिसतो. हॉलंडमध्ये रक्तदात्यांचे रक्त साठवून ठेवलेले होते. पुढे ज्यांना आमवात झाला, अशा ७९ जणांचे जुने रक्त शास्त्रज्ञांनी तपासले. २००४ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात या रोगाची प्रतिद्रव्ये, म्हणजे शरीराने आपल्याच अंशाविरुद्ध तयार केलेली शस्त्रे, दुखणे सुरू होण्याच्या काही वर्षे आधीपासून होती; कोणाच्या रक्तात तर तेरा वर्षांहून आधी. त्या काळात सांधे अगदी ठणठणीत होते. मग शस्त्रे तयार झाली कोठे? सांध्यात नव्हे, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट हिरड्यांची. हिरड्यांच्या रोगात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जिवाणू माजतो. त्याच्यापाशी असे एक विकर आहे की, ते प्रथिनांची घडण किंचित बदलते. या बदललेल्या प्रथिनांना शरीर ओळखत नाही आणि त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलते. आमवाताच्या रक्तपरीक्षेत जी 'अँटी सी. सी. पी.' नावाची चाचणी करतात, ती याच जातीच्या प्रतिद्रव्यांची. २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, आमवात आणि हिरड्यांचा रोग हे दोन्ही ज्यांना आहेत, त्यांच्या तोंडातील जिवाणू वारंवार रक्तात शिरतात आणि प्रतिकारशक्तीला डिवचतात. हिरडीतून रक्त येणे म्हणजे शरीराच्या तटबंदीला खिंडार पडणे होय.

तिसरी गोष्ट विषाणूंची. २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी आमवाताच्या रोग्यांचे दातांवरील कीटण, लाळ आणि मळ तपासून असे दाखविले की, त्यांच्या मुखातील आणि आतड्यांतील जिवाणूंची घडी विस्कटलेली असते, आणि औषधोपचाराने ती काही अंशी पूर्ववत् होते. २०२२ साली चीनमधीलच संशोधकांनी अशाच रोग्यांच्या मुखातील व आतड्यांतील विषाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार न घेतलेल्या रोग्यांत विषाणूंचीही घडी निरोगी माणसांपेक्षा वेगळी होती. त्याच्या आधी, २०२१ साली, अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधकांनी ज्यांना अद्याप रोग झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे, अशा माणसांकडे लक्ष दिले. ज्यांच्या रक्तात ती प्रतिद्रव्ये आली होती, त्यांच्या आतड्यांतील जिवाणुभक्षक विषाणूंची जमात इतरांहून निराळी आढळली. सांधा सुजण्यापूर्वीच आतड्यांतील विषाणूंत फरक पडलेला होता!

हे कसे घडत असावे? शेतातले मित्रकीटक कमीजास्त झाले की किडींचे पारडे फिरते, तसे जिवाणुभक्षक बदलले की कोणता जिवाणू माजेल आणि कोणता खचेल हे बदलते, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क असा की, विषाणू जिवाणूला फोडतो तेव्हा त्याच्या पोटातील द्रव्ये बाहेर सांडतात आणि त्यांनी प्रतिकारशक्ती चाळवते. तिसरा असा की, विषाणूने दिलेल्या नव्या गुणांमुळे साधा जिवाणू उपद्रवी बनतो.

परंतु बांधवहो, मी शाळेत मुलांना एक प्रश्न विचारीत असे. बेडूक ओरडतात आणि पाऊस पडतो; मग बेडकांनी पाऊस पाडला काय? रोग्यांच्या पोटातील विषाणू निराळे आहेत हे दिसले, म्हणून त्या विषाणूंनीच रोग आणला असे ठरत नाही. रोगामुळेच, अथवा आहार, तंबाखू, औषधे यांमुळेही ते बदलले असतील. तपासलेली माणसे थोडी होती, आणि ती परदेशातील होती. म्हणून शास्त्रज्ञ अद्याप याला पुरावा न म्हणता धागा म्हणतात. प्रामाणिक शास्त्राची हीच खूण आहे, आणि बाजारातला पुडीवाला नेमका येथेच वेगळा पडतो. त्याला सारे निश्चित ठाऊक असते.

आणखी एक उदाहरण सावधपणा शिकविते. १९६४ साली एप्स्टाइन, अचाँग व बार या तिघांनी ज्या विषाणूचा शोध प्रसिद्ध केला, तो एप्स्टाइन-बार विषाणू लाळेतून पसरतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशींत जन्मभर दडून राहतो. आमवाताच्या रोग्यांत त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये अधिक असतात, हे १९७० नंतरच्या दशकापासून ठाऊक आहे. परंतु जगातील दहा प्रौढांपैकी नऊंहून अधिक जणांच्या शरीरात हा विषाणू आहेच. आमवात मात्र दोनशेत एकाला होतो. तेव्हा केवळ त्याच्यावर खापर फोडून भागत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, विडीसिगारेटचा धूर, मुखाची अवस्था, स्त्रीदेह अशी अनेक कारणे एकत्र येतात तेव्हा हा रोग उभा राहत असावा.

विषाणूने सांधे धरतात हे तर आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा विदर्भातही धडधाकट माणसे भिंत धरून चालू लागली होती. त्यापूर्वी १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ती साथ येऊन गेली होती. आफ्रिकेतील माकोंडे भाषेत त्या नावाचा अर्थच 'वाकविणारा' असा आहे. पण चिकुनगुन्या डासाने येतो, तापाने सुरू होतो आणि बहुतेकांना काही आठवड्यांत अथवा महिन्यांत सोडतो. या साथीमुळे एक अनिष्ट झाले. 'चिकुनगुन्याच असेल, जाईल आपोआप' असे म्हणून लोक खरा आमवातही अंगावर काढू लागले. म्हणून मर्यादा ध्यानात ठेवा: ताप असो वा नसो, सांध्यांची सूज सहा आठवड्यांनंतरही उतरली नाही तर ती तपासलीच पाहिजे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून आटोपते घेतो.

पहिली: वेळ गमावू नका. सकाळी बोटे अर्ध्या तासाहून अधिक आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात जा, अथवा अकोल्याच्या वा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा. रक्ताच्या चाचण्या साध्या आहेत. पण केवळ चाचणीवर रोग ठरत नाही, हात पाहणारा डॉक्टर लागतो. सांध्यात एकदा झालेली मोडतोड औषधाने भरून येत नाही. आरंभीचे महिने म्हणूनच सोन्याचे.

दुसरी: औषध समजून घ्या. या रोगात मुख्य औषध म्हणून मेथोट्रेक्सेट वापरतात. आंध्रातील भीमावरमला जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तेथे १९४० नंतरच्या दशकात ते कर्करोगासाठी तयार झाले. १९८० नंतर अल्प मात्रेत आमवातासाठी रूढ झाले. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाची असते. रोज घेतल्याने प्राण गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून घरातील साक्षर माणसाने दिनदर्शिकेवर तो वार लिहून ठेवावा. मूल हवे असलेल्या अथवा गरोदर स्त्रीने डॉक्टरांना तसे आधी सांगावे, कारण हे औषध गर्भाला घातक आहे.

तिसरी: मुखाची काळजी घ्या. दात घासल्याने आमवात टळतो असे सिद्ध झालेले नाही, आणि मी तसे म्हणणार नाही. पण हिरड्यांचा रोग आणि आमवात यांचा संबंध दिसून आलेला आहे, आणि धूम्रपानाने हा रोग होण्याचा धोका वाढतो हे तर पक्के सिद्ध आहे. आपल्या पुरुषांची विडी, तरुणांचा खर्रा आणि कित्येक माताभगिनींची मिश्री या तिन्हींनी हिरड्या कुजतात. मिश्रीने दात घट्ट होतात ही समजूत सोडून द्या. दातांचा डॉक्टर केवळ दात उपटण्यासाठी नसतो.

चौथी: पोट साफ करून, जंतू पाजून अथवा विषाणू मारून आमवात बरा करतो, असे सांगणारे आता शहरांतून निघाले आहेत. जुन्या पुडीवाल्याने कागद बदलला आहे, इतकेच समजा. मुख आणि आतडी यांचे संशोधन अद्याप औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेले नाही. आयुर्वेदाचा उपचार घ्यावयाचा असल्यास शिकलेल्या वैद्याकडून, नाव लिहिलेले औषध घ्या आणि दोन्ही वैद्यांना एकमेकांचे औषध सांगा. ज्या पुडीवर नाव नाही ती घरात आणू नका. हे मी अनुभवाने बोलतो.

आणि शेवटची गोष्ट आपल्या ज्ञातीपुरती. लग्ने जमविताना मुलीला असा रोग असल्यास तो लपविण्याची, आणि कळल्यास ते स्थळ टाकून देण्याची, अशा दोन्ही वाईट चाली आपल्यात आहेत. लपविलेला रोग उपचारावाचून वाढतो. पुष्कळदा सासरी कळेल या भीतीने गोळी चोरून घ्यावी लागते आणि मग ती बंदच पडते. हा रोग स्पर्शाने लागत नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे, आणि आळसाचे सोंग तर नव्हेच. वेळेवर औषध घेणारी स्त्री संसार करू शकते, माता होऊ शकते, शेतातही जाऊ शकते.

याचा दाखला माझ्याच घरात आहे. माझ्या त्या बहिणीच्या मुलीची बोटे २०१९ साली सकाळी आखडू लागली. आईचे हात तिने लहानपणापासून पाहिलेले. ती घाबरली आणि प्रथम गप्प राहिली. पण बहिणीने तिला भाकरी थापताना पाहिले आणि त्याच दिवशी मला निरोप धाडला, 'भाऊ, या वेळी पुडी नको.' महिन्याच्या आत तिची तपासणी झाली, औषध सुरू झाले. तिच्या सासूबाई प्रत्येक रविवारी स्वतः तिच्या हातात गोळी देतात. आज भाचीची बोटे सरळ आहेत. रोग गेला असे डॉक्टर म्हणत नाहीत; आटोक्यात आहे, असे म्हणतात. आम्हाला तेवढे पुरेसे आहे.

माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. पुढील संमेलनात सत्कार व हारतुरे यांतील एक तास कमी करून, एखाद्या डॉक्टरांकडून आणि दंतवैद्याकडून आलेल्या माताभगिनींचे हात व हिरड्या तपासून घ्याव्यात. आमवाताचे मूळ मुखात आहे, आतड्यांत आहे की आणखी कोठे, हे शास्त्रज्ञ यथावकाश शोधून काढतील. पण आपल्या घरातील कोणाची बोटे सकाळी मिटत नाहीत, हे शोधण्यास शास्त्रज्ञ लागत नाही.